नग दोनशे एकतीस

विषय : वाचनालयातील प्लास्टिकच्या ठोकळ्यांच्या खेळांमध्ये आढळलेल्या तफावतीबाबत.

संदर्भ : १) मुंबईच्या एका कंपनीकडून भेट आलेला खोका. २) जड वस्तू नोंदवही, पान एक्केचाळीस. ३) प्रस्तुत लेखकाची चूक.

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. कचेरीतलं जुनं कपाट सरकवलं की मागं गंजलेल्या टाचण्या, सुतळीचे तुकडे आणि कुणाची तरी एका पायाची चप्पल निघते, तसे ते साठलेले असतात. चौतीस वर्षं तहसील कचेरीत कारकुनी केली तेव्हा वाटायचं, निवृत्त झालो की हे साठणं थांबेल. थांबलं नाही. आता तर ठेवायला कपाटही नाही, म्हणून इथं मांडतो.

जागा म्हणजे जव्हारच्या बाजारपेठेमागचं आमचं वाचनालय, त्यातही मागचा व्हरांडा. मंडळी चार. एक मी. दुसरे दामूशेठ. त्यांचं हार्डवेअरचं दुकान आता मुलगा चालवतो आणि ते नीट चालत नाही हे दामूशेठ गावभर सांगतात. तिसरे महाला गुरुजी, मोखाड्याचे निवृत्त मुख्याध्यापक. गुरुवारी आणि शनिवारी एसटीनं येतात. मोखाड्यात बोलण्यासारखं माणूस उरलं नाही, असं त्यांचं म्हणणं आहे. मोखाड्याचं म्हणणं आम्ही विचारलेलं नाही. चौथा काकडू, त्याची गाठ पुढं पडेल.

आणि आम्हा सगळ्यांना सोसणारी वैशाली, ग्रंथपाल. अकरा वर्षं मानधनावर आहे. तिला कायम करण्याचा प्रस्ताव यंदा एकदाचा वर गेला. त्यासोबत 'ताब्यातील सर्व वस्तू नोंदीप्रमाणे आहेत' असा तपासणीचा दाखला जोडावा लागतो. येत्या मार्चनंतर ती वयाची अट ओलांडते, म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. हे आधीच सांगून ठेवतो. पुढं वाचताना हसू आलं, तर ते कुणाच्या जिवावर येतंय हे माहीत असावं.

०

उन्हाळ्यात खोका आला. बालविभागासाठी भेट. आत ठोकळ्यांचा एक खेळ होता : एकमेकांवर दाबून बसवायचे रंगीत प्लास्टिकचे ठोकळे, प्रत्येकाच्या डोक्यावर टेंगळं. त्यांचा आधी पट बांधायचा, मग त्या पटावर खेळायचं. डोंगर चढून किल्ल्यावर झेंडा लावायचा, असा काहीतरी प्रकार. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेलं, २३१ पीसेस.

वैशालीनं जड वस्तूंची, म्हणजे पुस्तकं सोडून बाकीच्या सामानाची, नोंदवही उघडली आणि मला विचारलं, "काका, 'खेळाचा खोका, नग एक' असं लिहू ना?"

मी हसलो. ते हसू मला अजून छळतं. मी तिला म्हणालो, की बाई, पुस्तकांचं कपाट नोंदवताना आपण कपाट एक असं लिहून पुस्तकं सोडून देतो का? जे मोजता येतं ते मोजून लिहावं, हे मला माझ्या पहिल्या साहेबांनी शिकवलं होतं. ते साहेब पुढं मोजणी खात्यात गेले आणि तिथंच थकले, ही गोष्ट मी तिला सांगितली नाही.

तिनं माझं ऐकलं. आम्ही दोघांनी दुपारभर बसून ठोकळे मोजले आणि माझ्या सुवाच्य अक्षरात नोंद केली : प्लास्टिकचे ठोकळे, विविध रंगांचे, नग २३१. खाली 'समक्ष मोजून घेतले' म्हणून मी हौसेनं सही ठोकली.

त्या क्षणी सरकारदरबारी एका खेळाच्या दोनशे एकतीस वस्तू झाल्या. त्यांतली प्रत्येक हरवू शकत होती.

०

मुलं शाळेत असतात तेव्हा बालविभाग रिकामा. आम्ही तो खेळ तपासण्यासाठी म्हणून उघडला, आणि तपासणी तीन महिने चालली.

गुरुजींना पहिला धक्का बसला तो नियमांच्या पुस्तिकेनं. पानामागून पान नुसती चित्रं. एकही शब्द नाही. "जो नियम लिहिलेला नाही, तो पाळायचा कसा?" असं म्हणत त्यांनी तीन दिवस बसून त्या चित्रांचं मराठीत टिपण तयार केलं. एकूण कलमं एकोणीस. कलम सात असं होतं की, खेळाडूनं हरल्यावर चेहरा करू नये. हे चित्रात कुठं आहे ते आम्हाला सापडलं नाही.

दामूशेठांना वेगळीच गोष्ट सापडली. या खेळातला फासाही ठोकळ्याचाच. त्याच्या सहा अंगांवरच्या चकत्या काढता-घालता येतात, म्हणजे डाव बदलला की फासा बदलायचा. ही सोय कंपनीनं मुलांच्या कल्पनाशक्तीसाठी ठेवली होती. दामूशेठांना कल्पनाशक्ती भरपूर. सलग चार डाव ते जिंकले. पाचव्या डावाला गुरुजींनी फासा उचलून फिरवून पाहिला, तर चार अंगांवर तीन-तीनच्याच चकत्या.

दामूशेठ जराही गडबडले नाहीत. म्हणाले, "गुरुजी, माल उघडून बघायची सोय कंपनीनं दिलीय. तुम्ही बघितली नाही, हा दोष माझा का?"

तेव्हापासून फासा वैशालीच्या ड्रॉवरमध्ये, वाचनालयाच्या शिक्क्याशेजारी, कुलपात राहू लागला. डाव मांडायचा तर तिच्याकडून सही करून घ्यायचा. ती म्हणायची, शिक्का मागायला महिन्यातून एकदा कुणी येतं, फासा मागायला रोज.

०

मग आम्ही घरचे खेळ बांधू लागलो. गुरुजींनी वाघबकरी बांधली. डोंगरात गुरं राखताना खडकावर रेघा ओढून, खडे मांडून खेळतात तीच. फक्त खडकाच्या जागी हिरवा पट, बकऱ्यांच्या जागी पांढरे ठोकळे आणि वाघ पिवळे. वाघ गुरुजी आणि बकऱ्या दामूशेठ, असा डाव रंगला असताना काकडू आला.

काकडू वांगणीचा. पावसाळ्यात आपलं भात आणि नाचणी, दिवाळी झाली की कुटुंबासकट खाली वीटभट्टीवर, ज्येष्ठात परत. वीस-बावीस हंगाम त्यानं विटा पाडल्या. माझ्याकडं तो अर्ज लिहून घ्यायला येतो. त्या दिवशीही रेशनकार्डावर सुनेचं नाव चढवायचा अर्ज होता. मी लिहीत होतो तोवर तो पटाकडं बघत उभा राहिला.

"इटा हायत?" त्यानं विचारलं.

दामूशेठ म्हणाले, हो, मुलांच्या.

काकडूनं एक उचलला, दोन बोटांत दाबला, नखानं वाजवला. "कच्च्या हायत," म्हणाला आणि परत ठेवला. मग सहज, जसं कुणी किती वाजले सांगावं तसं म्हणाला, "दोनशे नि एकोणतीस."

कुणाला काही कळलं नाही. त्यानं समजावून सांगितलं. भट्टीवर थप्पी लागली की मुकादम मोजायच्या आत आपण मोजलेलं बरं असतं. थर बघायचा, ओळ बघायची, की झालं. त्याला वीस वर्षांची सवय. पटावरचे, खोक्यातले, गुरुजींच्या हाताखालचे, सगळे त्यानं नुसत्या नजरेनं धरले होते.

दामूशेठ हसले. मी हसलो नाही. मी आणि वैशाली एकमेकांकडं बघत होतो. आम्ही दोघांनी ठोकळे टेबलावर ओतले आणि मोजले. पुन्हा मोजले. मग गुरुजींनी मोजले, ओळीनं दहा-दहाचे गट करून, वर्गात मुलांना शिकवतात तसे.

दोनशे एकोणतीस.

काकडू म्हणाला, "सांगितला ना."

०

दोन ठोकळ्यांच्या शोधाला आम्ही पुढचे आठ दिवस लावले. एवढे श्रम मी नोकरीत हरवलेल्या फायलींसाठीही घेतलेले नाहीत. व्हरांड्याची फरशी झाडली, सांडपाण्याची मोरी काठीनं चाचपली, ज्ञानकोशाचे खंड एकेक काढून मागं हात घातला. तिथं एका वाचकाचा चष्मा सापडला. तो वाचक चष्म्यासाठी वैशालीशी तीन वर्षं बोलत नव्हता.

मग दामूशेठांनी पुस्तिकेतल्या चित्राशी पडताळून निदान काय हरवलं ते काढलं. एक पांढरा, म्हणजे वाघबकरीतली बकरी. आणि एक हिरवा, चार टेंगळांचा.

बकरी म्हटल्यावर गुरुजींनी चष्मा काढून पुसायला घेतला. पुसून झाल्यावर त्यांनी कबूल केलं, की मागच्या आठवड्यात दामूशेठांनी मेलेली बकरी पुन्हा पटावर चढवली तेव्हा त्यांनी ती उचलून खिशात टाकली होती.

"कशाला?" मी विचारलं.

"पुरावा म्हणून."

पुरावा मोखाड्याला गेला, सदऱ्याबरोबर धुतला गेला आणि त्यांच्या पत्नीनं तो बटणांच्या डब्यात टाकला. बाईंना वाटलं, आजकाल असलीच बटणं निघाली असतील. गुरुवारी गुरुजींनी तो एसटीनं परत आणला, रुमालात बांधून. वाहकानं विचारलं म्हणे, की गुरुजी, मुठीत काय धरलंय एवढं? गुरुजींनी उत्तर दिलं, सरकारी मालमत्ता.

दोनशे तीस झाले. हिरवा काही मिळाला नाही.

०

एक खेळ दामूशेठांनीही बांधला. त्याचं नाव 'दाभोसा जीप', म्हणजे जव्हारहून दाभोशाला माणसं कोंबून जाते ती. पिवळ्या ठोकळ्यांची जीप, तिच्यावर बसवायला छोटी माणसं. फासा टाकायचा आणि माणसं भरत जायचं. नियम एकच : जीप पूर्ण भरल्याशिवाय सुटत नाही. पूर्ण म्हणजे किती, हे ड्रायव्हर ठरवणार. ड्रायव्हर दामूशेठ.

आम्ही दोन तास खेळलो. जीप सुटली नाही.

०

'फाईल' हा खेळ माझा. सांगताना थोडा अभिमान वाटतो, कारण तो बांधायला कल्पनाशक्ती लागली नाही, नुसती आठवण पुरली.

पटावर आठ टेबलं : बारनिशी, म्हणजे जिथं अर्जाची आवक नोंदतात ते टेबल, मग कनिष्ठ, वरिष्ठ, अव्वल कारकून, असं करत शेवटी साहेब. प्रत्येकाचा एक ठोकळा म्हणजे त्याची फाईल. एक पडला तर पुढच्या टेबलावर. दोन पडले तर 'जोडपत्र नाही', मागं. तीन पडले तर चहा. चार आणि पाचला 'चर्चा करावी', म्हणजे जागच्या जागी. सहा पडले तर साहेब दौऱ्यावर आणि सगळ्यांच्याच फायली थांबल्या.

गुरुजींना हा खेळ असह्य झाला. यात कौशल्याला वावच नाही, म्हणाले. मी म्हणालो, गुरुजी, आता कुठं तुमच्या लक्षात येतंय.

काकडू मात्र मन लावून खेळायचा. चौघांत सगळ्यांत शांत तोच. पुढं गेला तरी आनंद नाही, मागं आला तरी वाईट वाटत नाही. एकदा त्याची फाईल बारनिशीत अडकली होती, तेवढ्यात पावसानं जोर धरला आणि तो भाताच्या आवणीसाठी, रोपं लावायला, वांगणीला निघून गेला. आठ-दहा दिवस आलाच नाही. आम्ही पट तसाच ठेवला होता, कारण मोडला तर पुन्हा मोजायला लागलं असतं आणि मोजायची कुणाची छाती नव्हती.

परत आल्या आल्या त्यानं विचारलं, "भाऊसाहेब, माझी फाईल कुठं आली?"

मी म्हणालो, बारनिशीत.

तो खाली वाकला, ठोकळा जागेवर आहे का पाहिलं, आणि समाधानानं मान हलवली.

"बराबर खेळ हाय," म्हणाला.

०

भाद्रपदात तपासणीचं पत्र आलं. पंधरा दिवसांनी जिल्ह्याहून साहेब येणार, पुस्तकं आणि जड वस्तू यांची प्रत्यक्ष पडताळणी करणार.

वैशालीनं पत्र वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडून वाचलं. त्या दिवसापासून तिचं लक्ष उडालं. वाचकाला पुस्तक देऊन त्याच्याच हातातून परत घ्यायची. जेवणाचा डबा न उघडता घरी न्यायची. दामूशेठ येता-जाता धीर द्यायचे, की ताई, एका ठोकळ्याला कोण विचारतंय? पण त्यांचा आवाजच असा व्हायचा की धीर असलेल्यानंही घाबरावं. गुरुजी शनिवारचे गुरुवारी आणि गुरुवारचे बुधवारी येऊ लागले.

एका दुपारी व्हरांड्यात आम्ही दोघंच होतो. ती कपाटाकडं बघत म्हणाली, "काका, नऊ हजार पुस्तकं आहेत माझ्याकडं. अकरा वर्षांत एक हरवू दिलं नाही. आणि आता हिरवा ठोकळा कुठाय म्हणून विचारतील."

तिनं माझं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर सोपं गेलं असतं. 'खोका, नग एक' असं लिहू का म्हणून तिनं विचारलं होतं, ते तिलाही आठवत होतं आणि मलाही.

ती वाचकांकडं गेली तेव्हा मी नोंदवही ओढली. पान एक्केचाळीस. शेवटचा आकडा एक. एकाचं शून्य करायला काय लागतं? माझ्या अक्षरातला एक वरून चांगला गोल आहे. खालची शेपटी जरा वळवून वर जोडली की झालं. चौतीस वर्षांत मी खाडाखोड केली नव्हती. ते तत्त्व होतं असं मी सांगत आलो. खरं म्हणजे तशी वेळच आली नव्हती. मी पेनाचं टोपण काढून बसलो. पण जुन्या शाईवर नव्या शाईनं केलेली खाडाखोड ओळखू येते हे मला नोकरीमुळं ठाऊक होतं.

वैशाली केव्हा येऊन उभी राहिली कळलं नाही. तिनं टेबलावरचं टोपण उचललं, माझ्या हातातल्या पेनावर बसवलं आणि वही मिटली.

"चहा घ्या काका," म्हणाली.

०

तपासणीच्या आदल्या दिवशी आम्ही सगळे वाचनालयात होतो, आणि प्रत्येकाला बालविभागात काहीतरी काम निघत होतं. दामूशेठ बिजागरी बघायला आत जाऊन आले. गुरुजी नकाशा सरळ करायला गेले. काकडू साखरशेतला पाहुण्यांकडं निघाला होता, तो वाट वाकडी करून आला आणि पाणी प्यायला आत गेला. पाण्याचा माठ बाहेर असतो.

मीही गेलो. माझं काम सांगून टाकतो. नाशिकला माझा भाचा असतो, त्याच्या मुलाकडं असलेच ठोकळे आहेत. त्याच्याकडून एक हिरवा, चार टेंगळांचा, मी येणाऱ्या माणसाच्या हाती मागवला होता. कुणी बघत नाही असं पाहून तो खोक्यात टाकला आणि झाकण लावलं. बाहेर आलो तेव्हा कित्येक दिवसांनी मोकळा श्वास घेतला. बाकीचेही त्या दिवशी फार मोकळे दिसत होते. वैशालीनंसुद्धा डबा उघडून आम्हाला भाकरी आणि नागलीचे पापड दिले. मला वाटलं, आपल्याला बघून यांनाही बरं वाटतंय.

साहेब सकाळी दहाला आले. तरुण, सभ्य, कामाला चोख. असे साहेब फार धोकादायक. पुस्तकं त्यांनी कुठूनही काढून पाहिली, एकही कमी निघालं नाही. खुर्च्या मोजल्या, पंखे मोजले. मग पान एक्केचाळीस आलं.

"नग दोनशे एकतीस? हे कुणी लिहिलं?"

मी पुढं झालो. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि माझी सगळी नोकरी त्यांना एका नजरेत दिसली असावी.

खोका टेबलावर ओतला गेला. साहेब स्वतः मोजू लागले, दहा-दहाचे गट करून. गुरुजींनी मान्यतेनं मान डोलावली. दामूशेठ खिडकीतून बाहेर बघत होते. वैशालीच्या हातात चहाची किटली होती, ती तिनं खाली ठेवली नव्हती. काकडू दारात उभा होता. त्यानं ढिगाकडं एकदा बघितलं, आणि एकदम डोकं खाली घालून आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघू लागला.

साहेबांनी शेवटचा गट केला. मग ते थांबले, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"दोनशे पस्तीस," ते म्हणाले.

त्यांनी पुस्तिकेतल्या चित्राशी रंग लावून बघितले. हिरवे, चार टेंगळांचे, चित्रात सहा. टेबलावर दहा. त्यांनी ते दहाही समोर ओळीनं मांडले. एकाचा हिरवा जरा निळसर, मुंबईच्या घाऊक बाजारात मिळतो तसा. एकावर शाईनं इयत्ता आणि तुकडी लिहून पुसलेली. माझा मी ओळखला. एक इतका नवा होता, की खोका उघडल्या दिवसाचा असावा असाच. शेवटचा साहेबांनी हातात घेतला, आणि त्यांचा हात जरा खाली गेला. तो जड होता. त्याची चारही टेंगळं थोडी वेगवेगळ्या उंचीची होती, आणि वर दारं रंगवायच्या ऑइलपेंटचा हात होता.

"हा असा का?"

दारातून काकडू म्हणाला, "त्यो भाजलेला हाय, साहेब. त्यो टिकंल."

साहेबांनी तो हळूच इतरांच्या ओळीत ठेवला. बराच वेळ ते नोंदवहीचे रकाने बघत राहिले. मग म्हणाले, की कमी असता तर त्यासाठी रकाना आहे. खुलासा घेतला असता, शेरा मारला असता, दाखल्याचं काहीतरी बघितलं असतं. जादा निघाला तर काय लिहायचं, हे नमुन्यात दिलेलं नाही. त्यांच्या नोकरीत आजवर कुठल्याच कचेरीत काही जादा निघालेलं नव्हतं. वरिष्ठांचं मार्गदर्शन घ्यावं लागेल, तोवर दाखला देता येणार नाही.

चौघांचे ठोकळे मला कळले. पाचवा कुणी टाकला, ते मी विचारलं नाही. वैशाली साहेबांना चहा ओतत होती.

त्याच दिवशी मी तिच्या वतीनं अर्ज लिहिला : जड वस्तू नोंदवही पान एक्केचाळीस येथे जादा आढळलेले चार नग जमा करून घेण्याबाबत व दाखला मिळण्याबाबत. अर्ज पोचल्याची पोच आहे. दिवाळीनंतर काकडू भट्टीवर गेला, जाताना फाईल कुठं आली ते विचारून गेला. गेल्या आठवड्यात मी स्वतः जिल्ह्याला जाऊन आलो. अर्ज बारनिशीत आहे. त्यावर अद्याप निर्णय झालेला नाही.